'फॉरवर्ड' : पुढे म्हणजे कोठे?

'फॉरवर्ड' या इंग्रजी शब्दाने आपल्या व्यवहारात जितका संचार केला आहे, तितका फार थोड्या परकीय शब्दांनी केला असेल. हॉकीच्या मैदानावर तो खेळाडूची जागा सांगतो, बाजारात सौद्याचा प्रकार, कचेरीत कागदाचा प्रवास आणि समाजात माणसाची पायरी. मैदानावर निदान त्याचा अर्थ स्वच्छ आहे. गोल करणे हे फॉरवर्डचे काम. चेंडू नुसता पुढे ढकलून त्याची सुटका होत नाही. मैदानाबाहेर मात्र हा शब्द काहीतरी पुढे गेले एवढेच सांगतो. ते कोणी नेले व परिणामांना जबाबदार कोण, याविषयी तो मौन पाळतो.

कचेरीचेच पाहा. 'आवश्यक कार्यवाहीसाठी अग्रेषित' असा शेरा पडतो आणि अर्ज दुसऱ्या टेबलावर जातो. शेरा मारणाऱ्याने काम केले नाही असे म्हणता येत नाही, आणि अर्जदाराचे काम झाले असेही म्हणता येत नाही. दोष एकट्या कारकुनाचा नव्हे. निर्णयाचा अधिकार ज्यांच्याकडे असतो, तेही पुष्कळदा कागद पुढे पाठविण्यातच सुरक्षितता मानतात.

'फॉरवर्ड' आणि 'बॅकवर्ड' जाती हा शब्दप्रयोगही असाच फसवा आहे. सर्व जण एकाच रस्त्याने निघाले, काही भरभर चालले आणि काही रेंगाळले, असे चित्र त्यातून उभे राहते. शाळेचा दरवाजा व पाणवठा पिढ्यान्‌पिढ्या कोणी कोणाला बंद ठेवला, हे त्या चित्रात दिसतच नाही.

राज्यकर्त्यांनाही या शब्दाने चकविले आहे. चीनच्या सीमेवर १९६१ च्या अखेरीस आपण जे धोरण स्वीकारले, ते 'फॉरवर्ड पॉलिसी' म्हणून ओळखले जाते. त्यानुसार उंच डोंगरांत लहान लहान चौक्या पुढे नेण्यात आल्या; परंतु त्यांच्या पाठीशी पुरेसे रस्ते, रसद आणि सैन्यबळ नव्हते. २० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनने आक्रमण केले, तेव्हा या उणिवेची किंमत चौक्यांवरील जवानांना मोजावी लागली.

याउलट आपल्या व्यापाऱ्यांची भाषा अधिक प्रामाणिक म्हणावी लागेल. इंग्रजीत ज्याला 'फॉरवर्ड' सौदा म्हणतात, त्याला ते 'वायदा' म्हणतात. वायदा म्हणजे वचन. आणि वचन म्हटले की ते देणारा व पाळणारा कोणीतरी आलाच. या सौद्यांच्या नियमनासाठी १९५२ साली स्वतंत्र कायदा करावा लागला, यावरून हे वचन नेहमीच पाळले जाई असे नव्हे. पण शब्दाने तरी जबाबदारी लपविली नाही.

आज हा शब्द घरोघरच्या मोबाइलमध्ये शिरला आहे, आणि तेथे त्याचे मौन जिवावर बेतू शकते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातील पाच जणांना, मुले पळविणारे समजून, जमावाने ठार मारले. तशा अफवा त्या दिवसांत मोबाइलवरून सर्वत्र फिरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने अशा संदेशांवर 'फॉरवर्डेड' ही खूण आणली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठविता येईल अशी मर्यादा जाहीर केली. मर्यादेने वेग कमी होतो. पण ती खूण मूळ लेखकाचे नाव सांगत नाही. उलट, 'मी लिहिले नाही, आले ते पाठविले' असे म्हणण्याची सोय मात्र करून देते. कचेरीतला शेरा आणि ही खूण यांची जात एकच आहे.

अफवा रचणारा एक असेल; ती गावोगाव पोहोचविणारे हात हजारो असतात, आणि त्यांत सुशिक्षितांचे हातही कमी नसतात. म्हणून शिक्षकाने वर्गात, कारकुनाने टेबलावर आणि विद्यार्थ्याने मोबाइल हाती घेताना स्वतःला एवढेच विचारावे, की मी जे पुढे पाठवीत आहे, त्याखाली माझे नाव लिहिण्याची माझी तयारी आहे काय? नसेल, तर ते आपल्यापाशीच थांबविणे हे आपले कर्तव्य ठरते.