पत्र्यावर हातोडा घालू नका

पेण आणि रोह्यातले दुकानदार, गोदामवाले, भातगिरणीचे मालक आणि गणपतीचे कारखानदार, तुम्हा सगळ्यांना हात जोडून विनंती आहे. पाऊस तोंडावर आला आहे. छपराचं काम मृगाच्या आत उरकायची प्रत्येकाला घाई आहे. मिस्त्री मिळत नाही, मिळाला तर दोन दिवसांच्या वर थांबत नाही. या घाईत जुना सिमेंटचा पत्रा हातोड्याने फोडून खाली पाडला जातो. तो तसा पाडू नका.

आपण ज्याला सिमेंटचा पत्रा म्हणतो, त्यात सिमेंट आणि राखेबरोबर साधारण 8 ते 10 टक्के अ‍ॅस्बेस्टॉस असतं. हा दगडातून निघणारा तंतू आहे. केसाच्या कितीतरी पट बारीक असलेला हा तंतू ना जळतो ना कुजतो. पत्रा धडधाकट असेपर्यंत सिमेंटने तो धरून ठेवलेला असतो. पत्रा फोडला, ग्राइंडरने कापला, ड्रिलने भोकं पाडली किंवा शेवाळ काढायला तारेच्या ब्रशने खरवडला, की तो मोकळा होऊन हवेत उडतो आणि श्वासातून फुप्फुसात जाऊन बसतो. तिथून तो बाहेर पडत नाही.

आपल्याकडे हा पत्रा आला त्याला कारण होतं. मंगलोरी कौलं दरवर्षी चाळावी लागत, माकडं ती फोडत. लोखंडी पत्रा खाऱ्या हवेत काही वर्षांत गंजून चाळणी होई. सिमेंटचा पत्रा गंजत नव्हता आणि परवडतही होता. मुंबईजवळ मुलुंडला 1930च्या दशकातच त्याचा कारखाना निघाला. मग गोदामं, गिरण्या, बाजारातले गाळे, थिएटरं, हमरापूर-जोह्याकडचे मूर्तींचे कारखाने, धाटावच्या एमआयडीसीतल्या शेड, सगळीकडे तोच चढला. ज्यांनी तो घातला त्यांना दोष देता येत नाही. तेव्हा त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आपल्या किनाऱ्यावर आलं. ताशी 100 किलोमीटरहून जोरात वारा होता आणि छपरं राहिली नाहीत. त्यानंतरच्या आठवड्यात मी एका गोदामाच्या आवारात उभा होतो. आवारभर पत्र्याचे तुकडे पसरले होते. वाडीवरून आलेले दोन मजूर घणाने ते आणखी बारीक करत होते, कारण मागच्या अंगणात चिखल होतो म्हणून तिथे भर टाकायची होती. मधेच ऊन पडलं आणि त्या तिरिपीत धूळ चमकायला लागली. त्यातला एकजण वीस-बावीस वर्षांचा, तोंडाला टॉवेल गुंडाळलेला. त्याने एक तुकडा माझ्यापुढे धरला. तुटलेल्या कडेला पांढरी मऊ लव होती. ती चिमटीत धरून ओढत तो म्हणाला, ‘कापसासारखं आहे बघा.’ मी मान हलवली आणि निघून आलो. तो कापूस काय होता हे मला माहीत नव्हतं. आज माहीत आहे, म्हणून लिहितो आहे.

‘आम्ही 40 वर्षं या पत्र्याखाली गल्ल्यावर बसलोय, आम्हाला काय झालं?’ असं कोणी म्हणेल. त्यांचं म्हणणं खोटं नाही. शाबूत पत्र्याखाली बसणाऱ्याला धोका कमी असतो. तो वाढतो तो फोडणाऱ्याला, कापणाऱ्याला, झाडणाऱ्याला आणि त्याचे कपडे धुणाऱ्या त्याच्या बायकोला. आजार लगेच दिसतही नाही. तंतू आत गेल्यापासून 20, 30, कधी 40 वर्षांनी दम लागायला लागतो. अ‍ॅस्बेस्टॉसिसमध्ये फुप्फुस कडक होत जातं, फुप्फुसाचा कर्करोग होतो, नाहीतर फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा होतो, ज्यावर हमखास असा इलाज नाही. विडी-सिगारेट ओढणाऱ्याला कर्करोगाचा धोका कित्येक पटींनी जास्त. तोवर छप्पर कधीच बदललेलं असतं, मालक बदललेला असतो, आणि आपण कधीकाळी पत्रे फोडले होते हे डॉक्टरला सांगायचं त्या माणसाला सुचतही नाही. म्हणून ज्यांनी हे काम केलं आहे त्यांनी दमा-खोकल्यासाठी डॉक्टरकडे गेल्यावर ते आवर्जून सांगावं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने कामाच्या जागी अ‍ॅस्बेस्टॉसशी संबंध आल्यामुळे जगात दरवर्षी 2 लाखांहून अधिक माणसं मरतात. 50 हून अधिक देशांनी ते पूर्ण बंद केलं आहे. आपल्या देशात 1986 पासून खाणींना नवे परवाने नाहीत, पण परदेशातून येणारं पांढरं अ‍ॅस्बेस्टॉस आणि त्याचे पत्रे आजही कायदेशीर आहेत. 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या प्रकृतीची नोंद किमान 40 वर्षं जपून ठेवायला सांगितली. 40 वर्षं, यावरूनच आजाराची चाल ओळखा. तो निकाल कारखान्यातल्या कामगारांसाठी होता. बाजारपेठेतल्या गाळ्यावर एका दिवसाच्या मजुरीवर चढलेल्या माणसाची नोंद कुठल्याच वहीत नसते.

म्हणून हे आपणच पाहायचं आहे. पत्रा धड असेल तर त्याला हात लावू नका. फक्त रंग द्यायचा म्हणून खरवडूही नका. उतरवायचाच असेल, तर आधी पाण्याने पुरता भिजवा. पाण्यात थोडा साबण घातला तर पाणी नीट मुरतं. गंजलेले हुक ग्राइंडरने न कापता कटरने तोडा आणि पत्रा दोरीने अख्खा खाली सोडा. जुन्या पत्र्यावर थेट पाय देऊ नका, फळ्या टाका. पत्र्यातून खाली कोसळून माणसं जातात, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. रुमाल, टॉवेल किंवा कापडी मास्क हा तंतू अडवत नाही. एफएफपी3 किंवा पी100 दर्जाचा मास्क आणा, त्याचा खर्च छपराच्या खर्चापुढे काहीच नाही. खाली पडलेला चुरा कोरड्या झाडूने झाडू नका, ओल्या फडक्याने गोळा करा. पत्रे आणि तुकडे जाड प्लॅस्टिकमध्ये दुहेरी गुंडाळून त्यावर ‘अ‍ॅस्बेस्टॉस, फोडू नये’ असं ठळक लिहा.

आणि कृपा करून ते तुकडे खड्ड्यात, कुंडलिकेच्या काठी, शेताच्या बांधावर टाकू नका. कोंबड्यांच्या खुराड्याला लावायलाही कोणाला देऊ नका. भर म्हणून टाकलेला तुकडा ट्रकच्या चाकाखाली रोज थोडा थोडा दळला जातो. घातक कचऱ्याची शास्त्रीय विल्हेवाट लावणारं केंद्र आपल्याच जिल्ह्यात तळोज्याला आहे. एका दुकानदाराचे 15 पत्रे घेऊन गाडी तिथे जाणार नाही, हे मला कळतं. पण दोन्ही गावांतल्या व्यापाऱ्यांनी एकत्र येऊन आधी नावं नोंदवली आणि आठवड्याला एक गाडी भरली, तर खर्च वाटला जाईल. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं रायगडचं प्रादेशिक कार्यालय बेलापूरला रायगड भवनात आहे. रीतसर मार्ग तिथे विचारा.

यात एक गाठ आहे, ती जागामालक आणि भाडेकरूची. जुन्या पागडीच्या गाळ्यात छप्पर कोणाचं यावर वर्षानुवर्षं वाद चालतो. मालक म्हणतो तू वापरतोस, भाडेकरू म्हणतो जागा तुझी. मग एका रात्री पाणी गळतं आणि दुसऱ्या दिवशी मिळेल त्या माणसाला हातोडा देऊन वर चढवलं जातं. वाद पुढे न्या, पण छपराचा खर्च यंदा निम्मा-निम्मा करा.

पेण आणि रोहा नगरपरिषदांना कळकळीची विनंती. इमारत पाडायच्या प्रत्येक परवानगीत ‘आधी सिमेंटचे पत्रे भिजवून अख्खे उतरवावेत’ ही एक ओळ आजच घाला. महामार्गाच्या रुंदीकरणात रस्त्याकडेचे जुने गाळे पडले. अटल सेतूनंतर पेणमधल्या जमिनींचे भाव वाढले आहेत, आता गावातल्या जुन्या इमारतींची पाळी आहे. ठेकेदार जेसीबी घालून भिंत आणि छप्पर एकदमच खाली आणतो, तेव्हा निघालेली धूळ शेजारच्या शाळेतही जाते.

मुकादमांनो, तुमच्या माणसांना हे कामावर चढण्याआधी सांगा. काम झाल्यावर कपडे तिथेच ओले करून पिशवीत भरायचे. घरी दारात उभं राहून झटकायचे नाहीत, मुलांच्या कपड्यांत मिसळायचे नाहीत, वेगळे धुवायचे. आणि अंगावर पाणी घेतल्याशिवाय लेकराला उचलायचं नाही.