नुसते ‘जेवलीस का?’ विचारून भागत नाही

बारावी झाली की आपल्या शाळेत शिकलेली कितीतरी मुले बेळगाव सोडून कोल्हापूर, पुणे, धारवाडला जातात. आपण पालक लाडू-चिवड्याचे डबे भरून देतो आणि रोज रात्री फोनवर विचारतो, “जेवलीस का?” पलीकडून “हो” आले की निश्चिंत होतो. मीही तशीच निश्चिंत होते.

गेल्या दिवाळीत मुलगी घरी आली, ती जिना चढताना दमली. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन ८.६. बायकांना ते किमान १२ असावे लागते. चौकशी केल्यावर कळले, की झेरॉक्स आणि बसभाड्याला पैसे उरावेत म्हणून तिने मेस एकवेळची केली होती. रात्री चहा-बिस्किटे किंवा पाकिटातल्या नूडल्स. रविवारी संध्याकाळी तर मेस बंदच. “जेवले” हे ती खोटे बोलत नव्हती. काय जेवलीस, हे मीच कधी विचारले नव्हते.

दोष माझाही आहे. माझ्या आईची शाळा चुलीपायी सुटली, म्हणून मी लेकीला स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिले नाही. “तू अभ्यास कर” एवढेच सांगत आले. हेतू चांगला होता, पण एक गोष्ट नजरेतून सुटली. दुसऱ्यासाठी रांधायची सक्ती वेगळी आणि स्वतःचे पोट नीट भरता येणे वेगळे. पहिली मुलींच्या माथी मारू नये, हे खरेच. दुसरे मात्र मुलगा असो वा मुलगी, प्रत्येकाला आलेच पाहिजे.

स्वस्त म्हणजे निकृष्ट, हाही आपला गैरसमज आहे. पन्नास किलो वजनाच्या तरुणाला दिवसाला सुमारे ४२ ग्रॅम प्रथिने लागतात. मूठभर, म्हणजे ५० ग्रॅम हरभरे रात्री भिजत घातले, तर त्यातून ९ ग्रॅम मिळतात. दोन उकडलेल्या अंड्यांतून १२ आणि ३० ग्रॅम शेंगदाण्यांतून ७. उरलेली गरज मेसची पोळी, वरण आणि भात भागवतात. या तिन्हींचा खर्च गाड्यावरच्या एका प्लेट नूडल्सपेक्षा कमीच होतो. अंडी न खाणाऱ्यांनी मसूर-मटकीची उसळ आणि दही-ताक वाढवावे. आपल्या खानापूरकडची नाचणी तर कॅल्शियमच्या बाबतीत दुधाच्या जवळजवळ तिप्पट. तिची आंबील करायला काय कठीण आहे? उसळीवर लिंबू पिळावे, म्हणजे त्यातले लोह अंगी लागते. जेवणाबरोबर चहा घेतला की तेच वाया जाते. पेरू, केळी, काकडी यांना तर गॅसही लागत नाही.

मित्रहो, गरिबीत शिकणे आपल्याकडे नवे नाही. पूर्वी मुले वार लावून जेवत, माधुकरी मागत. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले. तिथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, कामे करत आणि एका पंगतीत जेवत. त्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही मोडले. उपाशी पोटी विद्या चढत नाही, हे त्या माउलीला कळले होते.

आपल्याला दागिने मोडायचे नाहीत. विश्वस्त मंडळाला माझी एवढीच विनंती आहे, की नववीच्या वर्गाला महिन्यातून दोन शनिवार स्वयंपाकाचा तास द्यावा, मुलगे-मुली दोघांनाही. एक शेगडी, दोन कुकर आणि चार पातेली पुरतील. वरण-भात, उसळ, पिठले, भाकरी आणि कोशिंबीर एवढे पाच पदार्थ प्रत्येकाला यावेत. महिन्याच्या किराण्याचा हिशेब गणिताच्या तासाला करून घ्यावा. “अभ्यासाचे तास कमी होतील,” असे कोणी म्हणेल. पण आजारपणात बुडालेले सत्र कोणते जादा तास भरून काढणार?

पालकांनीही डब्यात थोडा बदल करावा. चकलीच्या जोडीला मेतकूट, शेंगदाण्याची आणि जवसाची चटणी, नाचणीचे पीठ द्यावे. आणि मेसचे पैसे वेगळे काढून द्यावेत, म्हणजे त्यांतून झेरॉक्स होणार नाहीत.

माझी लेक आता बरी आहे. तिच्या खोलीवरच्या तिघी मिळून रविवारी रात्री मसुराची आमटी-भात करतात. मी फोनवर आता विचारते, “आज काय जेवलीस?” उत्तर जरा लांबते, पण ऐकायला बरे वाटते.

– एक माजी विद्यार्थिनी व पालक