गॅलरीचा खर्च आणि मैदानाची किल्ली

नगरविकासाचे जे प्रस्ताव शासनाकडे येतात त्यांत दोन प्रस्ताव हमखास एकमेकांसमोर उभे ठाकतात. एक भव्य क्रीडासंकुलाचा आणि दुसरा आंतरराष्ट्रीय दर्जाच्या अधिवेशन केंद्राचा, म्हणजे ज्याला आपण सर्वजण कन्व्हेन्शन सेंटर म्हणतो त्याचा. मोक्याची सरकारी जमीन एकच असते आणि निधीही एकाच कामापुरता असतो. बैठकीत मग ठराविक वाद झडतो. क्रीडा विभाग म्हणतो की तरुण पिढी घडवायची असेल तर स्टेडियम हवे. उद्योग आणि पर्यटन विभाग म्हणतात की स्टेडियम पैसे खाते, अधिवेशन केंद्र पैसे मिळवून देते. वित्त विभाग दोघांकडेही संशयाने पाहतो. शेवटी ज्या विभागाचा मंत्री वजनदार, त्याचा प्रस्ताव मंजूर होतो.

हा वाद आता पुन्हा ऐरणीवर येणार आहे. २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धांचे यजमानपद नोव्हेंबर २०२५ मध्ये अहमदाबादला मिळाले. २०३६ चे ऑलिंपिक भारतात व्हावे यासाठी ऑक्टोबर २०२४ मध्येच आपण इरादापत्र दिलेले आहे. त्यामुळे येत्या दहा वर्षांत अनेक राज्यांत अशा फायली हलू लागतील. माझ्या मते या वादात प्रश्नच चुकीचा विचारला जातो. तो कसा, हे सांगण्यापूर्वी मी सही केलेल्या एका फाईलविषयी सांगतो.

बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्या केडरच्या राज्यात, एका मागास जिल्ह्यात मी जिल्हाधिकारी होतो. जिल्हा स्टेडियमचा प्रस्ताव माझ्याकडे आला. अंदाजपत्रकाचा फार मोठा भाग पंधरा हजार प्रेक्षकांच्या गॅलरीवर, व्हीआयपी कक्षावर आणि प्रवेशद्वारावर खर्च होणार होता. धावण्याचा मार्ग, दिवे, पिण्याचे पाणी आणि मुलींसाठी स्वच्छतागृह हे सारे उरलेल्या रकमेत बसवले होते. तीन प्रशिक्षकांची पदे मागितली होती. ती मिळाली नाहीत, कारण पदे म्हणजे महसुली खर्च आणि बांधकाम म्हणजे भांडवली खर्च, आणि आपल्याकडे दुसरा जितका सहज मंजूर होतो तितका पहिला होत नाही. मला हे दिसत नव्हते असे नाही. पण निधी मार्चपूर्वी खर्ची पडला नसता तर परत गेला असता. मी सही केली.

काही वर्षांनी त्या गावावरून पहाटे जाण्याचा योग आला. हमरस्त्याच्या कडेने दहा-बारा मुली धावत होत्या. पोलीस भरतीची तयारी करीत होत्या. शेजारून मालमोटारी जात होत्या. मी गाडी थांबवून त्यांना विचारले, "एवढे मोठे स्टेडियम असताना रस्त्यावर का धावता?" त्यांतली एक म्हणाली, "साहेब, त्याला कुलूप असतं. किल्ली ऑफिसात असते आणि ऑफिस अकराला उघडतं." आत जाऊन पाहिले तर मैदानावर कमरेएवढे गवत होते. गॅलरी मात्र सुस्थितीत होती. तिच्यावर कोणी बसलेच नव्हते, मग ती झिजणार कशी?

त्या दिवसापासून माझ्या मनात एक हिशेब पक्का बसला. स्टेडियमवरचा पैसा जातो गॅलरीत, आणि लोकांना उपयोग होतो तो मैदानाचा. या दोन वेगळ्या वस्तू आहेत, पण आपण त्या एकाच लेखाशीर्षाखाली, एकाच नावाने मंजूर करतो.

दिल्लीचे उदाहरण सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. जवाहरलाल नेहरू स्टेडियम १९८२ च्या आशियाई स्पर्धांसाठी बांधले गेले. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी त्याच्या नूतनीकरणावर सुमारे ९६० कोटी रुपये खर्च झाले. नोव्हेंबर २०२५ मध्ये ते पाडून त्या जागी क्रीडानगरी उभारण्याचा प्रस्ताव पुढे आला. २०१० च्या त्या स्पर्धांविषयी महालेखापरीक्षकांनी २०११ मध्ये दिलेला अहवाल प्रत्येक प्रशासकाने वाचावा असा आहे. २००३ मध्ये यजमानपद मागताना जो अंदाज बाराशे कोटींच्या थोडा वर होता, तो अठरा हजार पाचशे कोटींच्या पुढे गेल्याचे त्यात नोंदलेले आहे.

यावरून कोणी म्हणेल की मग अधिवेशन केंद्रच बरे. त्याच दिल्लीत २६ जुलै २०२३ रोजी प्रगती मैदानावर भारत मंडपम सुरू झाले. त्याला सुमारे २७०० कोटी रुपये लागले. पुढे दोन महिन्यांच्या आत, १७ सप्टेंबरला, द्वारका येथे यशोभूमीच्या पहिल्या टप्प्याचे उद्घाटन झाले. त्याला सुमारे ५४०० कोटी लागले. देशाच्या राजधानीला जी-२० सारखी परिषद भरविण्याजोगे सभागृह हवे, हे मला मान्य आहे. १९५६ मध्ये युनेस्कोच्या परिषदेसाठी विज्ञान भवन उभारले गेले आणि पुढे अनेक दशके त्याने देशाचे काम भागविले. परंतु राजधानीची गरज ही प्रत्येक राज्याच्या राजधानीची, आणि मग प्रत्येक महानगराची गरज ठरत नाही. अधिवेशनांची संख्या सभागृहांच्या संख्येबरोबर वाढत नसते. हृदयरोगतज्ज्ञांचे वार्षिक संमेलन वर्षातून एकदाच होते. ते एका शहरात झाले की दुसऱ्या शहरात होत नाही. मग शहरे भाडे कमी करून एकमेकांचे ग्राहक ओढतात आणि त्या सवलतीचा भार करदाता उचलतो. अमेरिकेत हे अनेक दशके चालले आहे. हेवूड सँडर्स या प्राध्यापकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात तेथील शहरांचे हिशेब तपासून दाखविले की सल्लागार कंपन्यांनी वर्तविलेली गर्दी वारंवार प्रत्यक्षात आलीच नाही, तरीही केंद्रांचे विस्तार होत राहिले. स्टेडियमच्या बाबतीतही तेथील अर्थशास्त्रज्ञांचे मत फारसे वेगळे नाही. लोक सामन्यावर जो पैसा खर्च करतात तो बहुतांशी शहरातल्याच दुसऱ्या करमणुकीवर खर्च झाला असता.

आपल्या देशात या दोन्ही वास्तूंची तुलना जवळजवळ एकाच ठिकाणी करायची असेल तर हैदराबादला जावे. २००२ च्या राष्ट्रीय स्पर्धा आणि २००३ च्या आफ्रो-आशियाई स्पर्धा यांसाठी गच्चीबोवली येथे क्रीडासंकुल उभे राहिले. तेथून काही किलोमीटरांवर, २००६ च्या जानेवारीत, आंतरराष्ट्रीय अधिवेशन केंद्र सुरू झाले. दुबईची एक बांधकाम कंपनी आणि राज्याचे औद्योगिक पायाभूत सुविधा महामंडळ यांची ती भागीदारी होती. त्याच वर्षी तेथे प्रवासी भारतीय दिवस आणि आशियाई विकास बँकेची वार्षिक सभा झाली. केंद्र चालले, यात शंका नाही. पण ते ज्या मोठ्या संयुक्त प्रकल्पाचा भाग होते, त्यातील जमिनीच्या व्यवहाराची आणि सरकारी हिस्सा कमी होत गेल्याची चौकशी २०११ मध्ये सीबीआयकडे गेली. सरकार जेव्हा रोख रकमेऐवजी जमीन देते तेव्हा अंदाजपत्रकात काहीच दिसत नाही. म्हणून विधिमंडळात चर्चाही होत नाही. जमीन हा मात्र पैशापेक्षा मोठा निधी असतो.

गच्चीबोवलीच्या मोठ्या स्टेडियमला स्पर्धांनंतर रोजचे काम उरले नाही. २०२० मध्ये त्या संकुलातील एका बहुमजली इमारतीत कोविड रुग्णालय सुरू करावे लागले. परंतु त्याच परिसरात सरकारने पुल्लेला गोपीचंद यांना भाडेपट्ट्याने थोडी जमीन दिली होती. देणगीदारांच्या मदतीने तेथे २००८ मध्ये बॅडमिंटन अकादमी उभी राहिली. सायना नेहवालचे २०१२ चे आणि पी. व्ही. सिंधूचे २०१६ चे ऑलिंपिक पदक या प्रशिक्षणातून आले. पुढे टोकियो ऑलिंपिकपूर्वी, २०२१ मध्ये, सिंधूने सराव केला तो गच्चीबोवलीच्याच सरकारी इनडोअर स्टेडियममध्ये. पदकासाठी कोर्ट, दिवे आणि प्रशिक्षक लागले. भोवतालच्या हजारो खुर्च्यांचा त्यात काही भाग नव्हता.

काही ठिकाणी दोन्ही वास्तू एकत्र करून पाहिल्या गेल्या. तिरुवनंतपुरम येथे २०१५ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी बांधलेल्या ग्रीनफील्ड स्टेडियमला जोडून अधिवेशन केंद्रही उभारले. खाजगी कंपनीने बांधावे, चालवावे आणि राज्याने तिला वार्षिक हप्ते द्यावेत, अशी ती योजना होती. योजना चांगली होती. परंतु २०१८ मध्ये आयएल अँड एफएस हा मूळ उद्योगसमूहच कोसळला आणि मैदानाच्या देखभालीवरून वाद सुरू झाले. गोव्यात २०१४ च्या लुसोफोनिया स्पर्धांसाठी ताळगाव येथे बांधलेल्या इनडोअर स्टेडियममध्ये २०२३ च्या इफ्फीचे उद्घाटन झाले. हा दुसरा प्रयोग मला अधिक शहाणपणाचा वाटतो. वर्षातून एकदा लागणारे मोठे सभागृह असलेल्या इमारतीतच भागविले, नवीन बांधले नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. अधिवेशन केंद्र पैसे मिळवून देते, म्हणून त्याला सरकारी पैसा द्यावा, हा युक्तिवाद मला उलटा वाटतो. जे पैसे मिळवून देते त्याला अनुदान कशाला? लाभ होतो तो हॉटेलांना, विमान कंपन्यांना आणि प्रदर्शने भरविणाऱ्यांना. त्यांनी भांडवल उभारावे. सरकारने फार तर जमीन भाडेपट्ट्याने द्यावी आणि मालकी व हिस्सा आपल्याकडे ठेवावा. याउलट पहाटे धावणारी मुलगी कोणालाच पैसे मिळवून देत नाही. तिच्यासाठी कोणी खाजगी गुंतवणूकदार येणार नाही. सरकारी पैसा असतो तो नेमका अशा ठिकाणासाठी. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांकडे सोपवायच्या विषयांत उद्याने आणि क्रीडांगणे यांचा स्पष्ट उल्लेख आहे. अधिवेशन केंद्र असा विषय तेथे नाही.

कोणी विचारील, गॅलरी कोठेच नको का? हवी, पण जेथे प्रेक्षक आधीच आहेत तेथे. कोलकात्याचे सॉल्ट लेक स्टेडियम १९८४ मध्ये उघडले. मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्या सामन्यांना तेथे गर्दी होते, कारण ती गर्दी स्टेडियमच्या कितीतरी आधीची आहे. प्रेक्षक होते म्हणून गॅलरी चालली. गॅलरी बांधल्याने प्रेक्षक निर्माण झाल्याचे उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. जेथे पंधरा दिवसांच्या स्पर्धेसाठीच आसने हवीत तेथे ती तात्पुरती असावीत. लंडनने २०१२ च्या ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉलसाठी बारा हजार आसनांचे अख्खे सभागृह तात्पुरते उभारले आणि नंतर उतरवून घेतले. १९७६ च्या ऑलिंपिकसाठी बांधलेल्या स्टेडियमचे कर्ज मॉन्ट्रियल शहराच्या मानगुटीवर किती काळ होते? ते २००६ मध्ये फिटले. तीस वर्षे!

प्रशासकीय पातळीवर चार गोष्टी करता येतील असे मला वाटते.

पहिली. कोणत्याही क्रीडासंकुलाला प्रशासकीय मान्यता देताना बांधकामाबरोबरच वीस वर्षांची देखभाल, वीज, पाणी आणि प्रशिक्षकांची पदे यांचा खर्च एकाच टिपणीत मांडावा व एकाच वेळी मंजूर करावा. ज्या नगरपालिकेला हा खर्च झेपणार नाही तिला इमारत देऊ नये, मैदान द्यावे.

दुसरी. अंदाजपत्रकात गॅलरीचा आणि मैदानाचा खर्च स्वतंत्र दाखवावा. गॅलरीसाठी पैसा मागणाऱ्याने गेल्या पाच वर्षांत त्या शहरात किती सामन्यांना किती तिकिटे विकली गेली ते सांगावे.

तिसरी. अधिवेशन केंद्रासाठी दिलेल्या जमिनीचे बाजारमूल्य अंदाजपत्रकात अनुदान म्हणून दाखवावे. मग तुलना न्याय्य होईल.

चौथी. दोन्ही वास्तूंचे वापराचे दिवस दरवर्षी जाहीर व्हावेत. किती दिवस, किती तास आणि कोणासाठी. लग्ने, राजकीय सभा आणि सरकारी मेळावे वेगळे मोजावेत.

याखेरीज एक पाचवी गोष्ट आहे आणि तिला पैसा लागत नाही. २०२२ मध्ये दिल्लीतील एका सरकारी स्टेडियममधून खेळाडूंना संध्याकाळी सातलाच बाहेर काढले जाते, कारण एका अधिकाऱ्याला तेथे कुत्रा फिरवायचा असतो, अशी बातमी आली. गदारोळ झाला. मग दिल्ली सरकारने आपली सर्व क्रीडासंकुले रात्री दहापर्यंत उघडी ठेवण्याचा आदेश काढला. ती बातमी वाचून माझ्या सेवेतील अनेकांना वाईट वाटले, मलाही वाटले. पण मला अधिक महत्त्वाचा वाटला तो आदेश. एका कागदावर, एका दिवसात, कोणतीही निविदा न काढता शहरातल्या खेळाडूंना दररोज तीन तास अधिक मिळाले. हा आदेश काढण्यासाठी बातमी यावी लागली, ही खंत मात्र उरते.

मी सही केलेल्या त्या स्टेडियमची किल्ली पुढे माझ्या विनंतीवरून तेथील एका शाळेच्या क्रीडाशिक्षकांकडे देण्यात आली. ते पहाटे पाचला कुलूप उघडतात असे मला कळविण्यात आले. गवत मुलांनीच कापले. पंधरा हजारांची गॅलरी अजून रिकामीच आहे. ज्या रकमेत ती बांधली त्या रकमेत जिल्ह्यातल्या प्रत्येक तालुक्याला एक सपाट, उजेडाचे आणि उघडे मैदान मिळाले असते. ती फाईल पुन्हा माझ्यासमोर आली तर मी ती परत पाठवीन, मग निधी परत गेला तरी चालेल.