लाल म्हणजे कोण?

चिमणीहूनही लहान, जेमतेम चार इंचांचे पाखरू. पण त्याच्या नावाचा पसारा पाहावा! मी लाल मुनियेविषयी बोलतो आहे. पावसाळा आला की नराच्या अंगावर तांबडा रंग चढू लागतो, वर पांढरे ठिपके. पाणथळीच्या उंच गवतात यांचे थवे उतरतात. विणीचा हंगाम सरला की स्वारी पुन्हा मातकट. लाली उरते ती शेपटीच्या मुळाशी.

उत्तरेकडे याला नुसते 'लाल' म्हणतात. रंगावरून पडलेले नाव, आणि रंगाचा हा शब्द फारसीतून आलेला. पण तिकडची आई लेकराला 'मेरे लाल' म्हणते तो लाल निराळा. तो आपल्या 'लालनपालना'तला, संस्कृत घराण्यातला. फारसीत 'लअल' म्हणजे माणिक. आणि त्याच फारसीत 'लाल' म्हणजे चक्क मुका! गाणाऱ्या पाखराच्या नावात मुकेपण दडून बसावे, हा भाषेचा चावटपणा मला फार आवडतो. 'मुनिया' हे तर तिकडे धाकट्या मुलीचे लाडाचे नाव. म्हणजे लेक आणि लेकी, दोघे एकाच पिसाऱ्यात!

इंग्रजी नावापाशी मात्र मन खट्टू होते. 'अव्हाडाव्हॅट' हा शब्द म्हणजे अहमदाबादचा अपभ्रंश. जॉन फ्रायर हा कंपनीचा डॉक्टर १६७२ ते १६८१ या काळात इकडे व इराणात फिरला. १६९८ साली छापलेल्या त्याच्या प्रवासवर्णनात अहमदाबादेहून येणाऱ्या या ठिपकेवाल्या पाखरांचा उल्लेख आहे. एकाने सुरू करावे, बाकीच्यांनी साथ धरावी. आणि हे सारे गायन एका पिंजऱ्यातल्या पन्नास पाखरांचे! पुढे १७५८ मध्ये लिनियसने शास्त्रीय नाव ठेवताना तेच गाव 'अमंडाव्हा' करून कायमचे गोंदवले. बाजाराची चिठ्ठी पाखराच्या गळ्यात राहिली ती राहिलीच.

हे सारे मी परवा वहिनींना ऐकवले, कारण दिवाळीसाठी मुलांना एक जोडी आणावी असा त्यांचा बेत होता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आपल्याकडचे रानपक्षी पकडणे, विकणे गुन्हा आहे, हेही सांगितले. तरी चोरून विकणारे भेटतात. फिक्या मुनियांना रंग फासून विकणारेही भेटतात. वहिनींनी सगळे निमूटपणे ऐकून घेतले.

"अहो भावोजी, पण मुलांना कबूल करून बसले आहे, त्याचं काय?"

"गावाबाहेरच्या तळ्यावर नेऊ की! गवतात दिसतील."

"दिसतील म्हणजे नक्की?"

नक्की कसे सांगणार? पाखरू आहे. "नशीब असेल तर," मी म्हटले.

वहिनी क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "मग पहाटे किती वाजता निघायचं? डबा करायला हवा."