दाढीच्या फेसात रोशा का नाही?

अत्तर मनगटाला लावतात, सेंट कपड्यांवर मारतात, अंगाच्या साबणाचा फेस दोन तांब्यांत वाहून जातो. नाकाच्या अगदी खाली, कोमट आणि ओला, पाच-सात मिनिटं मुक्काम ठोकून बसणारा वास एकच, तो म्हणजे दाढीच्या साबणाचा. इतक्या जवळून आपण दुसरा कुठलाच वास घेत नाही, आणि आपल्याकडे सगळ्यात कमी विचार होतो तो त्याचाच. याची मला खंत आहे, आणि रागही आहे.

माझी सगळी नोकरी साबणाच्या कारखान्यात सुगंध बसवण्यात गेली. साबणाच्या नूडल्स, त्यात रंग, त्यात परफ्यूम, मग मिल, मग प्लॉडर नावाचं दाबयंत्र, मग ठसा मारलेली वडी. या रांगेत माझी जागा परफ्यूमपाशी. नोकरी मुंबईत, गाव तळोद्याकडचं, म्हणजे सातपुड्याच्या पायथ्याचं. या दोन गोष्टी एकत्र सांगतो, कारण आज जे म्हणायचं आहे त्यात दोन्ही येतात.

कुठल्याही दुकानात दाढीचं सामान मागून बघा. निळी ट्यूब, हिरवी ट्यूब, फवाऱ्याचा डबा. नावं निरनिराळी, पण झाकण उघडून हुंगलं की बहुतेकांत तोच थंडावा, वर थोडं लिंबू किंवा थोडं मस्क. हा थंडावा मेन्थॉलचा. मेन्थॉल कातडी थंड करत नाही. कातडीतल्या मज्जातंतूंवर गारवा ओळखणारं टीआरपीएम८ नावाचं एक प्रथिन असतं. मेन्थॉल त्याला चाळवतं आणि मेंदूकडे गार लागल्याचा निरोप जातो. कातडीचं तापमान होतं तेवढंच राहतं. पातं फिरल्यावर हा निरोप सुखाचा वाटतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. फ्लॉरेन्सचं प्रोरासो हे दाढीचं क्रीम १९४८ पासून निलगिरी आणि मेन्थॉलवर उभं आहे, आणि ते मला मनापासून आवडतं, कारण त्यात आधी निलगिरी येते, ओळखू येते आणि मग गारवा येतो. आपल्याकडच्या डब्यांत मात्र गारव्यालाच वास समजून विकलं जातं.

साबणाला वास देणं हे अत्तर बनवण्यापेक्षा अवघड काम आहे, हे फार लोकांना ठाऊक नसतं. साबण अल्कधर्मी असतो, त्याचा पीएच ९ ते १० च्या आसपास. त्यात नाजूक वास तग धरत नाहीत. लिंबू-संत्र्याच्या तेलातल्या टर्पिनांना हवा लागली की ती बिघडतात आणि महिन्या-दोन महिन्यांत वडीला लिंबाऐवजी रंगाच्या दुकानाचा वास येऊ लागतो. व्हॅनिलिनची गत आणखी वाईट. व्हॅनिलिन घातलेली पांढरीशुभ्र वडी आम्ही नमुना म्हणून खिडकीत ठेवायचो. आधी कडा पिवळ्या पडत, मग पिवळेपणा आत सरके, मग सगळी वडी तपकिरी. वास गोड आणि छान, पण अशी वडी विकत कोण घेणार? लवंगेतलं युजेनॉलही असाच रंग चढवतं. कित्येक एस्टरं तर अल्कलीत सरळ फुटतात. बाटलीत हुंगलेलं मिश्रण वेगळं आणि तेच वडीत गेल्यावर वेगळं. म्हणून आमच्याकडे बाटली हुंगून कुणी निर्णय घेत नसे. वडी पाडायची, उबेच्या कपाटात ठेवायची, उन्हात ठेवायची, आणि मग हात ओले करून फेस काढून हुंगायचं.

या अल्कलीच्या परीक्षेत पहिल्या श्रेणीत पास होणारी मंडळी मोजकी. लॅव्हेंडरमधलं लिनॅलूल टिकतं. जेरॅनियम टिकतं, पाचोली टिकते, चंदन टिकतं, वाळा टिकतो. सुकलेल्या गवताचा वास देणारं कूमारिनही बऱ्यापैकी तग धरतं. युरोपातल्या न्हाव्यांच्या दुकानाचा म्हणून जो वास ओळखला जातो तो याच मंडळींचा आहे. फॅशनचा भाग त्यात आहेच, पण त्याच्याखाली हे रसायनशास्त्र आहे. विल्यम पर्किन या इंग्रज रसायनतज्ज्ञाने १८६८ मध्ये कूमारिन प्रयोगशाळेत बनवलं. हा तोच माणूस, ज्याने पहिला कृत्रिम जांभळा रंग शोधला. १८८२ मध्ये पॅरिसच्या ऊबिगाँ या अत्तराच्या पेढीसाठी पॉल पार्के यांनी लॅव्हेंडर, ओकवरचं दगडफूल आणि हे कूमारिन एकत्र बसवून ‘फूजेर रोयाल’ काढलं. नाव नेच्याचं, म्हणजे ज्या वनस्पतीला म्हणावा असा वासच नाही तिचं, आणि त्या नावावर एक अख्खं घराणं उभं राहिलं. पुढे शंभर वर्षं पुरुषांचे साबण, क्रीम, दाढीनंतरची पाणी याच घराण्यातून निघाली.

त्याच काळात इतर वासही सुखाने नांदत होते. मिलानचा चेल्ला हा दाढीचा साबण १८९९ पासूनचा, त्याचा कडू बदामाचा वास आजही तोच. लंडनच्या ट्रंपर या न्हाव्याचं दुकान १८७५ चं. तिथे दाढीसाठी गुलाब मिळतो, व्हायोलेट मिळतं, बदाम आणि चंदन मिळतं. गुलाब! दाढीच्या वाटीत! तिथल्या माणसाला त्यात काही वावगं वाटलेलं नाही.

आपल्याकडे मात्र नोकरीत असताना हाच शब्द काढला की बैठकीत माना हलायच्या. ‘गुलाब बायकांसाठी, पुरुष घेणार नाहीत.’ एवढ्या एका वाक्यावर नमुने परत जायचे. मला तेव्हाही हे पटलं नाही आणि आजही पटत नाही. ज्या समाजात लग्नाच्या मांडवात पुरुषांच्या हाताला अत्तर लावतात आणि अंगावर गुलाबपाणी शिंपडतात, ज्या मुंबईत महंमद अली रोडवर अत्तराच्या दुकानांत गुलाब आणि हिना घ्यायला पुरुषच उभे असतात, तिथल्या पुरुषाला गुलाब चालत नाही हे कुणी ठरवलं? ग्राहकाला विचारलंच नाही. त्याच्यापुढे ठेवलंच नाही, आणि मग खप नाही म्हणून मोकळे झालो.

आता गावाकडे येतो. सातपुड्याच्या उतारांवर रोशा गवत उगवतं. पावसाळा सरता सरता त्याला तुरे येतात आणि तेव्हा रानातून चालताना पोटऱ्यांना वास लागतो. या गवताचं तेल काढण्याचा धंदा खानदेशात जुना. नंदुरबार, तळोदा, पिंपळनेर हा सगळा पट्टा त्यासाठी नावाजलेला. पाणी जवळ हवं म्हणून भट्टी नाल्याकाठी लावत. दगडी चूल, तिच्यावर लोखंडी कढई, कढईत फुलोऱ्याचे शेंडे आणि पाणी, वर झाकण. झाकणाची फट उडदाच्या पिठाने लिंपायची, म्हणजे वाफ वाया जात नाही. झाकणातून बांबूची नळी निघे आणि ती नाल्याच्या वाहत्या पाण्यात बसवलेल्या तांब्याच्या भांड्यात जाई. वाफ निवली की भांड्यात पाणी जमे आणि पाण्यावर फिकट पिवळं तेल तरंगे. जुनी माणसं ते तळहातावर थेंबभर घेऊन चोळत आणि वास कसा मावळतो ते बघत. भेसळ असेल तर शेवट खरखरीत येतो. कारखान्यात पुढे मला यंत्रं मिळाली, पण ही परीक्षा मी शेवटपर्यंत सोडली नाही.

हे तेल मुंबई बंदरातून तांबड्या समुद्रामार्गे इस्तंबूलला जात असे. पुढे ते बल्गेरियाच्या गुलाबतेलात मिसळलं जाई. कारण उघड आहे. रोशा तेलात तीन चतुर्थांशाहून अधिक जेरॅनिऑल असतं, आणि गुलाबाच्या वासातही जेरॅनिऑल हा एक प्रमुख घटक. एक किलो गुलाबतेलाला साडेतीन-चार हजार किलो फुलं लागतात. त्यात खानदेशचं गवत घातलं की व्यापाऱ्याचं साधत होतं. आमच्या डोंगरातला वास असा दुसऱ्याच्या नावाने जगभर फिरला.

आणि साबणात? साबणात रोशा तेल सोन्यासारखं टिकतं. अल्कली त्याला हात लावत नाही. वासात गुलाब आहे, पण पाकातला नाही. कोरडा, गवताळ, कडेला पुसट लिंबू. ब्रशने फेस फेटला की पाण्याच्या उबेने तो हिरवा भाग आधी वर येतो, गालावर फेस चढेपर्यंत गुलाब उलगडतो. दाढीच्या वाटीसाठी याहून योग्य तेल मला माहीत नाही. त्याला खाली थोडा वाळा आणि थोडं कूमारिन दिलं की तोंड धुतल्यावरही गालावर मंद काही उरतं, कारण जड रेणू पाण्याबरोबर सहज जात नाहीत.

चंदनाबद्दल लोक विचारतील. म्हैसूरच्या सरकारी कारखान्यापासून, म्हणजे १९१६ पासून, चंदन म्हणजे साबण हे समीकरण आपल्या मनात पक्कं आहे. पण अस्सल चंदनतेल आज दाढीच्या साबणात घालावं असं मी म्हणणार नाही. झाड वाढायला वर्षानुवर्षं लागतात आणि तेल पाण्यावाटे मोरीत जातं. प्रयोगशाळेत बनलेले चंदनी रेणू या कामाला चांगले आहेत, त्यांना कमी लेखू नये. गवताचं तसं नाही. कापलं की पुढच्या पावसाळ्यात ते पुन्हा येतं.

नैसर्गिक म्हणून सगळं निर्धोक, असंही नाही. जेरॅनिऑल, लिनॅलूल, कूमारिन यांनी काहींच्या कातडीला खाज येते. युरोपात धुऊन टाकायच्या वस्तूत असे घटक ०.०१ टक्क्याहून जास्त असले तर नावानिशी छापावे लागतात. आपल्या वेष्टनावर बहुतेकदा ‘परफ्यूम’ एवढाच एक शब्द असतो आणि त्याच्याआड चाळीस घटकही असू शकतात. ज्याचे गाल दाढीनंतर लाल होतात त्याने काय टाळायचं? त्याला कळायला नको?

हाताने साबण बनवणारी छोटी माणसं आणि बचत गट आता गावोगाव आहेत. हळद, कडुनिंब, कोरफड घालून ते अंगाचे साबण करतात. त्यातल्या कुणी दाढीची वडी करावी. मात्र अंगाच्या साबणाचीच वडी गोल डबीत भरू नये, तिचा फेस गालावर बसेपर्यंत विरतो. दाढीच्या साबणाला स्टीअरिक आम्ल भरपूर लागतं आणि कॉस्टिक सोड्याबरोबर, खरं तर सोड्यापेक्षा जास्त, कॉस्टिक पोटॅश लागतं. त्याने वडी मऊ होते, ब्रशला लवकर सुटते आणि फेस दाट राहतो.

खर्चाचं म्हणाल तर १०० ग्रॅमच्या वडीला सुगंध लागतो एक ग्रॅमच्या आसपास. रोशा तेलाचा भाव किलोला काही हजार रुपये. सगळा एक ग्रॅम रोशाच घातला तरी वडीमागे चहाच्या एका कपाहून कमी खर्च, आणि वडी चालते कित्येक महिने.

कुणी हे करणार असेल तर सुगंधाचं मिश्रण बसवून द्यायला मी तयार आहे, मोबदला नको. अटी दोनच. तेल नंदुरबार-धुळ्याकडच्या माणसाकडून, रोख पैसे देऊन घ्यायचं. आणि वेष्टनावर रोशाचं नाव ठळक छापायचं, त्याच्याखाली जेरॅनिऑलचंही.