मुडदूस, नाचणी आणि कोयता

हाडे बळकट करणाऱ्या गोळ्यांच्या जाहिरातींतील गृहिणी नेहमी सुखवस्तू घरातली असते. ती गुडघा धरून जिना चढते आणि आठवड्याभरात नातवंडांमागे धावू लागते. जिच्या हाडांची झीज सर्वांत आधी व सर्वांत अधिक होते, त्या स्त्रीला या चित्रात जागा नाही. ती गिऱ्हाईक होऊ शकत नाही, एवढेच त्याचे कारण.

हाडांचे शास्त्र तसे सरळ आहे. शरीरातील ९९ टक्के कॅल्शियम हाडांत व दातांत असते. ते आतड्यातून शोषले जाण्यास ड जीवनसत्त्व लागते आणि ते जीवनसत्त्व मुख्यतः उन्हामुळे त्वचेत तयार होते. फॉस्फरस, मॅग्नेशियम, प्रथिने, के जीवनसत्त्व यांचाही वाटा आहेच. हाडांची पुंजी तिशीच्या आत जमा होते. पुढे ती खर्चच होत जाते.

ही पुंजी कोणाला जमवता येते, हा मात्र अर्थशास्त्राचा प्रश्न आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-स्कॉटलंडच्या गिरणगावांत धुराने सूर्य झाकला आणि मजुरांच्या मुलांचे पाय मुडदुसाने वाकले. थिओबाल्ड पाम या डॉक्टराने १८९० मध्ये ऊन व मुडदूस यांचा संबंध दाखवून दिला. १९१९ नंतर मेलनबी, मॅकॉलम आदींच्या संशोधनाने कॉड माशाच्या तेलातील गुणकारी द्रव्य हाती आले. पण शोध लागला म्हणून मजुराच्या घरी तेल पोहोचत नाही. ते पोहोचले दुसऱ्या महायुद्धात, जेव्हा ब्रिटिश सरकारने गर्भवतींना व बालकांना अल्प दरात वा विनामूल्य दूध दिले, कॉडचे तेल वाटले आणि पावाच्या पिठात खडू मिसळणे सुरू केले. बाजाराला जे पिढ्यान्‌पिढ्या जमले नाही, ते युद्धकाळातल्या शिधावाटपाने काही वर्षांत करून दाखवले.

आपल्याकडे खडू मिसळण्याचीही गरज नव्हती. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. सडलेल्या तांदळात जेमतेम आठ-दहा. नाचणीतले सगळेच अंगी लागत नाही हे खरे, तरी अंतर प्रचंड राहते. कोकणातल्या वरकस जमिनीवर आणि सुरगाणा-पेठच्या डोंगरउतारांवर कष्टकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या खाल्लेले हे धान्य. १९६५ नंतरच्या धान्यखरेदीचा सारा ओघ गहू-तांदळाकडे वळला, रेशनवर तेच आले आणि नाचणी मागे पडली. २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे म्हणून जगभर साजरे झाले, तेव्हा ती शहरातल्या दुकानांत बिस्किटांच्या रूपाने परतली. रेशनच्या पिशवीत नव्हे. शेजारचे कर्नाटक हमीभावाने नाचणी विकत घेऊन दक्षिणेकडील जिल्ह्यांत रेशनवर देते, म्हणजे हे अशक्य नाही.

महाराष्ट्र शासनाने २०२३ च्या अखेरीस शालेय आहारात अंडे आणले आणि २०२५ च्या आरंभी त्यासाठीचा निधी थांबवला. अंडा पुलाव व नाचणी सत्त्व हे पदार्थ ऐच्छिक झाले. हवे असल्यास शाळांनी लोकसहभागातून पैसा उभारावा, असे सांगण्यात आले. ज्या गावात पालकच सहा महिने ऊसतोडीला गेलेले असतात, तेथे हा लोकसहभाग कोणी द्यायचा?

त्या ऊसतोडीच्या फडातच हाडांचा प्रश्न त्याच्या उघड्यावाघड्या रूपात दिसतो. बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये झालेल्या शासकीय पाहणीत सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढली गेल्याचे आढळले. पुष्कळ जणींचे वय चाळिशीच्या आत होते. गर्भाशयाबरोबर अंडाशयेही काढली की, हाडांची राखण करणारे संप्रेरक एकाएकी नाहीसे होते आणि पन्नाशीनंतर सुरू व्हायची झीज तिशी-पस्तिशीतच सुरू होते. अशा बाईला पुन्हा मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढायचे असते. नवराबायको मिळून एक कोयता, त्यावर घेतलेली उचल फेडायची, आणि खाडा झाला तर दंड. मग पाळीचा त्रास कायमचा संपवणारी शस्त्रक्रिया तिला सोयीची वाटू लागते. ऊन तिला भरपूर मिळते. ताटात मात्र भाकरी-मिरचीवाचून फारसे काही नसते. ‘तुम्ही कोवळे ऊन घ्या’ हा वैद्यकीय सल्ला तिला दिला तर ती हसेल.

गर्भवती व स्तनदा मातांना रोज दोन कॅल्शियमच्या गोळ्या देण्याचे केंद्र सरकारचे धोरण २०१४ पासून आहे. फडावर स्थलांतर केलेल्या बाईचे नाव मात्र गावच्या अंगणवाडीत राहते. दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघण्याआधी कार्यकर्त्यांनी प्रत्येक कारखान्याच्या फाटकावर तीन गोष्टी विचारायला हव्यात: फडावर अंगणवाडी कधी येणार, आजारपणाच्या खाड्याचा दंड कोणत्या अधिकाराने कापला जातो, आणि शस्त्रक्रिया झालेल्या बाईच्या हाडांची तपासणी कोणाच्या खर्चाने होणार.