जामिनाची सही आणि बायबलचे पान

आमच्या कंग्राळी-बेळगाव भागात बियाण्यासाठी, गाळ्यासाठी किंवा मुलीच्या लग्नासाठी सोसायटीचे कर्ज काढायचे म्हटले की जामीनदार शोधावा लागतो. रविवारची उपासना संपते आणि मंडळीतलाच एखादा भाऊ अर्ज पुढे करतो. सही करावी की नाही? बायबल रोजच्या निर्णयांत वाट दाखवते, हे आपले म्हणणे अशा वेळी कसाला लागते.

यावर दोन मते ऐकू येतात. पहिले मत असे की शास्त्रात प्रत्येक प्रश्नाचे उत्तर तयार आहे. प्रार्थना करून पान उघडावे, बोट पडेल तो देवाचा हुकूम. दुसरे मत असे की दोन-तीन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथाला पतसंस्थेचे काय कळणार? तो चर्चमध्ये वाचावा, व्यवहार व्यवहाराने करावा. दोघांची चूक एकच आहे. दोघेही बायबलला हुकूमनामा समजतात. एक तो डोळे मिटून पाळतो, दुसरा कालबाह्य म्हणून बाजूला ठेवतो.

पहिल्याला खुद्द बायबलच खोडून काढते. नीतिसूत्रांच्या २६व्या अध्यायात चौथे वचन मूर्खाला त्याच्या तऱ्हेने उत्तर देऊ नये असे सांगते आणि लगेच पाचवे वचन द्यावे असे सांगते. वेळ ओळखण्याचे काम वाचकावर सोपवले आहे. ईयोबाचे मित्र धर्माचीच वाक्ये बोलत होते, तरी देवाचा राग त्यांच्यावरच झाला. येशूची परीक्षा पाहताना सैतानानेही स्तोत्रातलेच वचन पुढे केले. वचन तोंडपाठ असले म्हणून शहाणपण येतेच असे नाही.

दुसऱ्याने नीतिसूत्रे उघडून पाहावीत. खोटा तराजू, उसनवारी, आळस, शेजारधर्म, जिभेचा ताबा असा बाजारपेठेचाच संसार तिथे आहे. सहावा अध्याय तर जामिनावरच बोलतो: अडकला असशील तर झोपू नकोस, जाऊन स्वतःला सोडव.

मग सही नाकारावी का? थांबा. फिलेमोनाला पत्र लिहिताना पौलाने अनेसिम या दासाचे देणे आपल्या नावावर मांडायला सांगितले. म्हणजे तोही जामीनच राहिला. ही दोन पाने शेजारी ठेवली की खरे प्रश्न उभे राहतात. हप्ते थकले तर ते मला भरता येतील का? घरच्यांना हे ठाऊक आहे का? मी प्रेमाने सही करतो आहे की भिडेखातर? पेलवणार नसेल तर स्पष्ट नाही म्हणावे आणि जमेल तेवढी मदत हाती द्यावी.

वचने तोलून निर्णय घेण्याची ही रीत आपल्या मातीत नवी नाही. १८३१ साली बेळगावात जन्मलेल्या बाबा पदमनजींनी अनेक वर्षे वाचन आणि चर्चा केली, मगच १८५४ मध्ये बेळगावातच बाप्तिस्मा घेतला. १८५७ मध्ये त्यांनी ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी लिहून विधवांचे हाल मांडले. केशवपनाच्या रूढीवर बायबलमध्ये वेगळी आज्ञा नाही. पण विधवेची काळजी घेणारा देव तिथे पानोपानी आहे. त्यांनी शास्त्रातून तो कळवळा घेतला आणि आपल्या समाजाकडे त्या नजरेने पाहिले.

शलमोनाने देवाकडे मागितले ते समजणारे मन. आपणही तेच मागावे. पुढच्या खेपेला अर्ज समोर आला तर दोन्ही पाने वाचा, घरी विचारा, चार जाणत्यांचा सल्ला घ्या आणि मगच पेन उचला.